जार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, हे खरं का?

पावसाळा सरता सरता आपल्या विदर्भात म्हशी विऊ लागतात आणि जुना सल्ला पुन्हा फिरतो: जार (विल्यानंतर पडणारी वार) पडण्याआधी चीक (विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजला तर जार अडकतो. वडीलधारे हे काळजीपोटीच सांगतात, पण प्रत्यक्षात उलट घडतं.

वासरू सडाला ढुसण्या देतं तेव्हा पान्हा सुटतो. पान्हा सोडणाऱ्या त्याच संप्रेरकानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार सुटायला मदत होते.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. गाई-म्हशीच्या वासराला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारक घटक जवळपास मिळतच नाहीत, ते चिकातूनच मिळतात. ते शोषण्याची आतड्यांची ताकद तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच पाजा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 25 किलोच्या वगारीला (म्हशीच्या मादी पिल्लाला) अडीच लिटर, थोडा थोडा करून.

पडताळायचं असेल तर विण्याची, पहिल्या चिकाची आणि जार पडल्याची वेळ गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहा. जार बहुधा 8 ते 12 तासांत पडतो. त्याहून उशीर झाला तर ओढू नका, वजनही बांधू नका, पशुवैद्यकाला बोलवा.