जठर लहान झाल्यावर ढाब्यावरचं जेवण

वजन कमी करण्यासाठीच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. मागे उरते केळ्याच्या आकाराची एक नळी आणि तिच्यात मावतं १०० ते १५० मिलिलिटर. त्यासाठीच्याच दुसऱ्या शस्त्रक्रियेत, जठराच्या बायपासमध्ये, वरची पिशवी त्याहून छोटी, ३० मिलिलिटरच्या आसपास, आणि ती थेट लहान आतड्याला जोडलेली. याच जठरात पूर्वी ताणून लिटरभर अन्न सहज बसायचं. वर्षभरात ही जागा थोडी सैलावते आणि माणूस एका वेळी वाटी-दीड वाटी खाऊ लागतो. ढाब्यावर मात्र दाल तडक्याची हाफ प्लेटच दोन वाट्यांची येते, सोबत रोटी, कांदा, पापड आणि बसल्याबसल्या समोर आदळलेला पाण्याचा ग्लास.

घरात हे सगळं सांभाळता येतं. वाटी ठरलेली, चमचा लहान, कुणी घाई करत नाही. संभाजीनगरहून नांदेडला किंवा लातूरहून तुळजापूरला निघालं की गणित बिघडतं आणि बहुतेकदा ते प्रमाणामुळे नाही, चुकीच्या पदार्थाच्या निवडीमुळे बिघडतं. तिखट, मसालेदार, तर्रीवालं टाळायचं आणि मऊमऊ खायचं, असं रुग्ण ठरवून निघतो. मग पाव, नान, भात, शिरा, केळं. यातलंच नेमकं छातीत अडकतं.

तोंडाला मऊ लागणारं आणि नव्या जठराला मऊ जाणारं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गव्हाच्या, विशेषतः मैद्याच्या पदार्थांत ग्लुटेन असतं. ताजा पाव किंवा नान चावला की त्याचा चिकट गोळा होतो, आणि तो अरुंद नळीतून किंवा बायपासच्या जोडातून पुढे सरकत नाही. जोडाचं तोंड साधारण एक-दीड सेंटिमीटरच असतं. मोकळा न झालेला भातही असाच गच्च बसतो. गार झालेली साबुदाणा खिचडी तर फारच वाईट, कारण तिचा अक्षरशः लगदा होतो. उपवासाच्या दिवशी बाहेर खायचंच असेल तर भगर आणि दाण्याची पातळसर आमटी बरी. ज्वारीत ग्लुटेन नाही. त्यामुळे भाकरी मोडते, कुस्करते, गोळा होत नाही. मराठवाड्यात भाकरी कुस्करून वर आमटी किंवा रस्सा घालून कालवायची जी सवय आहे, ती या लोकांच्या कामाचीच आहे. फक्त चतकोर भाकरी पुरे, रस्सा ओलसर होईल इतकाच, आणि भाकरी ताजी हवी. तव्यावरून उतरून तास झालेली कडक भाकरी पावाइतकाच त्रास देते.

याची उलटी बाजूही आहे. काही पदार्थ तोंडात कुरकुरीत, कोरडे लागतात पण जठरातून सरळ घसरून जातात. फरसाण, चिवडा, वेफर्स, शेव, बिस्किटं यांचा भुगा होतो, लाळेत विरघळतो आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. गाडीत बसून पाव किलोचं पाकीट संपवता येतं आणि तरीही भूक शिल्लक राहते. लस्सी, मिल्कशेक, आइस्क्रीम त्याच जातीचे. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी वजन पुन्हा चढायला लागलं तर पहिला संशय यांच्यावर घ्यावा.

मागवायचं काय, याचा हिशेब प्रथिनांपासून सुरू होतो. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि केसही गळतात. प्रवासाच्या दिवशी ती अशी जमतात: सकाळी घरून निघताना प्रोटीन पावडरचा एक चमचा, म्हणजे डब्यातलं माप, त्यात २० ते २५ ग्रॅम. वाटेत दोन अंड्यांची बुर्जी, १२ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, सहा-सात. वाटीभर घट्ट दही, पाच. खिशात मूठभर फुटाणे, ३० ग्रॅमचे सहा. एकूण साठीच्या आसपास गेलं. ढाब्याची डाळ पातळ असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. वरचं पाणी बाजूला करून तळातली डाळ चमच्याने घ्यावी.

अंडं उकडलेलं घेण्यापेक्षा बुर्जी चांगली. उकडलेल्याचा पांढरा भाग रबरासारखा आणि पिवळा कोरडा. पहिल्या काही महिन्यांत दोन्ही अडकतात. बुर्जी सांगताना ‘तेल कमी, मऊसर ठेवा, पाव नको’ एवढं म्हणायचं. पनीर बटर मसाल्यात लोणी, साय, काजूची पेस्ट आणि बहुतेक ठिकाणी साखर असते, म्हणून पनीर बुर्जी मागवावी किंवा ग्रेव्हीतले तुकडे उचलून बाकीचं सोबतच्यांकडे सरकवावं. सकाळच्या वेळी सुशीला मिळाली तर घ्यायला हरकत नाही, भिजवलेले मुरमुरे सोपे जातात. पण ती निव्वळ पिष्ट आहे, तेव्हा तिच्यातले शेंगदाणे नीट चावून आणि वाटीभर दही जोडून. पुरी, भजी, मिरचीचा वडा यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

नान-खलिया खायला येणारे संभाजीनगरात बरेच. तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली त्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला, असं सांगतात. शस्त्रक्रिया झालेल्या माणसासाठी यातला त्रासाचा अर्धा भाग म्हणजे नान: जाड, फुगीर, चिवट. तो राहू द्यावा. खलियातलं मटण तासन्‌तास शिजलेलं असतं, ते चालतं, पण पद्धत पाळून. वरचा तेलाचा तवंग चमच्याने एका बाजूला सारायचा. चरबी आणि पडदा काढायचा. मटणाचा तुकडा बोटांनी धाग्याच्या दिशेने सोलायचा आणि मग आडवा तोडायचा, शेंगदाण्याएवढा. घास तोंडात असताना हात ताटाबाहेर ठेवायचा. वीस-पंचवीस वेळा चावून तोंडात पातळ झालं की गिळायचं. असे दहा-बारा घास झाले की पुरे. सुकं चिकन किंवा तंदुरी याच्यापेक्षा अवघड, कारण ओलावाच नसतो.

हिवाळ्यात हुरड्याची गोष्ट निघतेच. आगटीतून काढलेलं कणीस तळव्यावर चोळून, फुंकून, मूठभर दाणे तोंडात टाकायचे असतात. मजा त्यातच असते. नव्या जठराला मात्र मूठ चालत नाही. कोवळ्या दाण्याचंही साल असतं आणि ते न चावता गेलं तर ढिगाने साचतं. आठ-दहा दाणे, पीठ होईपर्यंत चावणं, मग पुढचे. छोट्या वाटीभर हुरड्याला वीस मिनिटं लागतात. सोबतचा गूळ, रेवड्या, गोडी शेव यांना हात लावायचा नाही. दही आणि दाण्याची चटणी चालेल.

जेवणाला २० ते ३० मिनिटं हवीत आणि एसटी ढाब्यावर थांबते पंधरा-वीस. यात रांग, ऑर्डर, हात धुणं आलंच. म्हणून एसटीच्या प्रवासात थांब्यावर जेवूच नये. डबा गाडीत, चालत्या गाडीत, सावकाश खावा. थांबा लघवीला आणि चालायला वापरावा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून तासा-दीड तासाने पाच मिनिटं चालणं हे औषधच समजावं. मुळात पहिले सहा ते आठ आठवडे, म्हणजे पातळ, मग वाटलेलं, मग मऊ अन्न हे टप्पे संपेपर्यंत, हॉटेलचं जेवण नकोच. समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनी डबा भरूनच निघावं. तिथे भूक लागेल तिथे हॉटेल मिळत नाही.

आता पाणी. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पाणी अन्नाला ढकलून पुढे नेतं, पोट लवकर रिकामं होतं, किंवा जागाच नसल्याने सगळं वर येतं. पण दिवसभरात दीड ते दोन लिटर प्यायचंच आहे आणि एका वेळी दोन-तीन घोटच जातात. म्हणजे गटागट पिऊन भरपाई करण्याची सोय गेली. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, त्यात वाटेतली स्वच्छतागृहं बघता बायका पाणी पिणंच टाळतात. ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत पाणी कमी पडणं हे एक आहे. अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी, दर दहा मिनिटांनी दोन घोट; जेवणाची वेळ वगळून अशी बाटली दोन-अडीच तासांत संपते. लघवी गडद पिवळी झाली की आपण मागे पडलोय. पातळ, बिनसाखरेचं ताक उत्तम. सोडा आणि कोल्ड्रिंक नको, गॅसने छोटी पिशवी ताणते आणि दुखते. चहा प्यायचाच तर बिनसाखरेचा, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, कारण चहा लोह शोषू देत नाही. लोह आणि कॅल्शियम या गोळ्याही एकमेकींपासून दोन तास लांब. प्रवासात दोन्ही एकदम गिळून मोकळं होण्याची खोड अनेकांना असते.

ओआरएस घेताना पुडी बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे ग्लासभरात तीन ग्रॅमही नाही. दुकानात शेजारीच फळांच्या चवीची गोड खोकी असतात, त्यांत साखर कितीतरी पट असू शकते.

साखरेचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण मराठवाड्यातला निम्मा प्रवास देवदर्शनाचा आणि प्रसाद गोडच असतो. साध्या जठराच्या खालच्या टोकाला झडप असते, ती अन्न थोडंथोडं आतड्यात सोडते. बायपासमध्ये अन्न त्या झडपेला वळसा घालून जातं. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की तो रक्तातलं पाणी आतड्यात खेचतो. दहा ते तीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, जुलाब, आडवं व्हावंसं वाटणं. याला डम्पिंग म्हणतात. झडप शाबूत असल्यामुळे स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं, पण होत नाही असं नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा: साखर झटकन चढल्याने इन्सुलिन वाजवीपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं. तोपर्यंत माणूस गाडी चालवत असतो. असं वाटताच गाडी बाजूला घ्यावी, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर घोटभर पाण्यात घ्यावी आणि बरं वाटलं की फुटाणे किंवा पनीर खावं, नाहीतर साखर पुन्हा घसरते.

गूळ चालतो, मध चालतो, ही समजूत चुकीची. आतड्याला गूळ आणि साखर सारखीच. तुळजापूरच्या नैवेद्याची पुरणपोळी, कुंथलगिरीचा पेढा, नांदेडच्या गुरुद्वारातला कडाह प्रसाद (त्यात कणीक, तूप आणि साखर समसमान असतात) यातलं काहीही रिकाम्या पोटी घ्यायचं नाही. चिमूटभर, जेवणानंतर, कपाळाला लावून तोंडात. देव तेवढ्याने रागावत नाही. लंगरमध्ये पंगतीला बसताना आधीच हात जोडून थोडंच घ्यावं, ताटात टाकणं तिथे बरं दिसत नाही, आणि डाळ भरपूर मिळते. अनलिमिटेड थाळी घेऊ नये. पैसे वसूल करायची बुद्धी होतेच.

अन्न अडकलं तर छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, नाक वाहतं, उचकी लागते. वरून पाणी प्यायचं नाही, त्याने ते खाली जात नाही, दुखणं वाढतं. उभं राहायचं, हळू चालायचं, लाळ थुंकायची. पंधरा-वीस मिनिटांत उतरतं किंवा बाहेर येतं. नंतर तो दिवस पातळ पदार्थांवर काढायचा, कारण जागा सुजलेली असते. काही तास साधा पाण्याचा घोटही टिकत नसेल, ताप असेल, शौच काळी होत असेल, तर मुक्काम गाठण्याची वाट बघू नये. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात वर्षानंतरही अचानक जोराची कळ आली तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडून देऊ नये. आतडं फटीत अडकून पिळलेलं असू शकतं आणि त्याला तातडीने शस्त्रक्रिया लागते.

गावातल्या दवाखान्यात दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. बायपासच्या जोडावर त्यांनी व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं. दुसरी जास्त महत्त्वाची. चार-आठ दिवस उलट्या होत असतील तर शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा, जो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, संपत आलेला असतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलासुरला बी-१ खर्ची पडतो आणि मेंदूला इजा होते: एकाचे दोन दिसतात, चाल डळमळते, माणूस भ्रमिष्ट बोलतो, आणि स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून ग्लुकोजच्या आधी बी-१ चं इंजेक्शन, असं डॉक्टरांना सांगायचं. कोणतं ऑपरेशन, कधी झालं, सर्जनचा नंबर आणि ही दोन वाक्यं डिस्चार्ज कार्डाच्या फोटोसकट फोनमध्ये ठेवावीत, आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही, कारण त्या वेळी रुग्ण स्वतः बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही.