वहीतली मंडळी आणि बाकावरची मंडळी

सोलापुरातल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्याची बोलणी चालू आहेत. उपासना संपल्यावर कमिटी बसते, छापील प्रश्नावल्या वाटल्या जातात, आणि मंडळीचे आरोग्य कसे आहे याची चर्चा चहा गार होईपर्यंत चालते. तपासणी कशी करतात, आराखड्यात काय काय यावे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. हे टिपण त्याआधी काय घडून गेले त्याबद्दल आहे. ते माहीत नसले तर प्रश्नावलीतल्या आकड्यांचा अर्थ हमखास उलटा लागतो.

मंडळीची नाडी पाहणे ही काही आजकालची गोष्ट नव्हे. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातली सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे म्हणजे तपासणीचे अहवालच आहेत. त्यातली लावदिकियाची ‘कोमट’ मंडळी आपल्या बोलण्यात कायम येते. सार्दीसची मात्र फारशी आठवण निघत नाही. तिचे दुखणे वेगळे होते: नावाने जिवंत, आतून मेलेली. पुढे ज्या घोळाबद्दल लिहायचे आहे तो याच ‘नावा’चा आहे.

आपल्या भागापुरते बोलायचे तर अमेरिकन मिशनचे काम मुंबईत १८१३ ला आणि नगरला १८३१ ला सुरू झाले. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि त्याच दशकात मिशनचे ठाणेही इथे आले. त्याच्या थोडे आधी, १८५४-५५ मध्ये, मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कचेरीतून दोघांचे शिष्टमंडळ पाहणीसाठी आले होते. मराठी मुलखातली ही पहिली मोठी आरोग्य-तपासणी म्हणायला हरकत नाही. त्यातून निघालेले निर्णय पुष्कळांना झोंबले. मिशनच्या शाळांतून इंग्रजीला फाटा दिला गेला, मराठीवर भर आला, मोठ्या ठाण्यांपेक्षा खेड्यांतल्या छोट्या मंडळ्यांना महत्त्व आले. त्याच सुमारास नगरला पहिल्या दोन मराठी पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, दीक्षा मिळाली. निरोगी मंडळीचे निकष तीन होते: मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपल्या पाळकाचा पगार आपण द्यावा, सुवार्ता आपण पुढे न्यावी. इंग्रजी काढून घेतल्याने एका पिढीच्या नोकरीच्या वाटा अडल्या हे खरे. तरीही आज मराठीत प्रार्थना करताना शब्दासाठी अडावे लागत नाही, यात त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

सोलापूरचे ठाणे या धोरणानंतरचे असले तरी इथे घडले भलतेच. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे लागोपाठचे दोन. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रयाला आली, वसतिगृहे उभी राहिली, शाळा वाढल्या. पुढे ‘गुन्हेगार’ म्हणून शिक्का मारलेल्या जमातींसाठी सरकारने काटेरी तारेत वसाहत केली. काही काळ तिचा कारभारही मिशनकडे होता. आकडे फुगले, इमारती वाढल्या, आणि स्वावलंबनाचा निकष मागे पडला. इतकी पोटे मंडळीच्या अर्पणावर भरणे शक्यच नव्हते. १८७० च्या दशकात निघालेल्या जुन्या गिरणीने आणि नंतरच्या गिरण्यांनी मात्र मंडळीला दर महिन्याचा पगार असलेली माणसे दिली. पगाराच्या आठवड्यात अर्पणाची थैली जड व्हायची, असे जुनी माणसे सांगत. १९६३ मध्ये जुनी गिरणी बंद पडली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बाकीच्याही गेल्या. मंडळीच्या जमाखर्चात तो धक्का अजून दिसतो.

विसाव्या शतकात मोजण्याची शास्त्रे आली. १९३३ मध्ये भारतातल्या सामूहिक धर्मांतरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी गावोगावच्या कुटुंबप्रमुखांना प्रश्न विचारले होते. मध्य भारतात दमोहला जन्मलेल्या एका मिशनऱ्याने १९५५ पासून वाढीचा सिद्धान्त मांडला: मंडळी वाढते ती घरातल्या जन्मांनी, दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसांनी किंवा नव्या विश्वासणाऱ्यांनी, आणि हे तीन आकडे वेगळे मांडले पाहिजेत. पुढे एका जर्मन अभ्यासकाने संख्येपेक्षा गुणवत्तेकडे लक्ष वळवले. १९९६ मध्ये त्याने आठ गुण मांडले. पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या असतील तर पाणी सर्वांत आखूड फळीइतकेच राहते, तेव्हा आधी ती फळी शोधा, असे त्याचे म्हणणे. आज आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्या या दोघांच्याच वंशातल्या. यातला पहिला विचार आपल्याच मातीत सुचला, अमेरिकेत वाढला आणि इंग्रजी फॉर्म होऊन परत आला, याची खंत वाटते. मधल्या प्रवासात इथला तपशील गळून गेला.

गळलेला सर्वांत मोठा तपशील म्हणजे ‘सभासद’ हा शब्द.

मिशनच्या काळात सभासद म्हणजे विश्वासाची कबुली देऊन, मंडळीपुढे प्रश्नांना उत्तरे देऊन प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसणारा माणूस. उपासनेला येणारे, बाप्तिस्मा झालेली मुले, शिकायला आलेले यांची गणती वेगळी. १९२४ मध्ये या मंडळ्या प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाबरोबर एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरांचे मिळून एक चर्च झाले. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलेही होते. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याची नोंद आणि मोठेपणी बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे विश्वास पक्का केल्याचा विधी, या पायऱ्या होत्या. दोन्ही रीती सभासदांच्या एकाच नोंदवहीत उतरल्या. शिवाय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीची निवडणूक आली, म्हणजे मतदार यादी आली, म्हणजे वर्षाची वर्गणी भरलेली पावती आली. आता एकाच माणसाबद्दल ‘सभासद आहे’ आणि ‘सभासद नाही’ ही दोन्ही वाक्ये खरी असू शकतात.

आमच्या मंडळीची वही मी मागच्या उन्हाळ्यात दोन दुपारी चाळली. लांब, कापडी पाठीची, कडा वाळवीने कुरतडलेल्या. १९७० च्या दशकातले अक्षर सुरेख, निळ्या शाईत. समोर वेगवेगळ्या हातांनी लाल पेनाने लिहिलेले शेरे: ‘मयत’, ‘पुण्यास’, ‘पत्ता नाही’, ‘दाखला नेला’ (म्हणजे दुसऱ्या मंडळीत नाव घालायला लागणारा कागद नेला). ‘पुण्यास’ सगळ्यात जास्त. आणि ‘पुण्यास’ लिहिलेल्या नावांपुढे ‘दाखला नेला’ जवळपास कुठेच नाही. पोरे हिंजवडीला, चाकणला नोकरीला लागली, तिथल्या उपासनेला जातात, पण नाव इथेच. एका आजींना मी विचारले, मुलाचा दाखला का नेत नाही? त्या म्हणाल्या, “नाव काढू नका बाळा. त्याची आजी इथं, बाप इथं. त्याची माती बी इथंच व्हायची.” दफनभूमीतली जागा वहीतल्या नावावर मिळते. कोणत्याही प्रश्नावलीत हा प्रश्न नसतो, आणि नाव न काढण्याचे हे पहिले कारण असते.

दुसऱ्या बाजूला वहीत नसलेली माणसे आहेत. मिशनच्या काळात इथे विश्वासात आलेली बरीच कुटुंबे महार आणि मांग समाजातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मापुरता राहिला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसणारी, सगळी गीते पाठ असलेली, पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत न आलेली कुटुंबे प्रत्येक जुन्या मंडळीत सापडतात. त्यांना अर्धवट विश्वासणारे म्हणण्याची एक सवय आपल्यात आहे. लेकराच्या शिष्यवृत्तीसाठी बापाने दाबून ठेवलेल्या गोष्टीला मी अर्धवट म्हणणार नाही. त्या बापाला ते रोज खुपत असते.

शिवाय शहराच्या पूर्व भागात संध्याकाळच्या तेलुगू प्रार्थनासभा भरतात, आणि सकाळी आपल्या उपासनेला येणाऱ्या काही घरांतल्या सुना तिथेही जातात. त्यांचे नाव कुठल्या वहीत?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आठ गुणांची तपासणी झाली. पद्धतीप्रमाणे पाळक आणि मंडळीत सक्रिय असलेले तीस जण यांनी फॉर्म भरायचे होते. निवड कमिटीने केली. तीसही जण पुढच्या चार-पाच बाकांवरचे, वर्गणी चुकती केलेले, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांत मीही होतो. परस्परप्रेमाला भरघोस गुण पडले, कारण आम्ही तीस जण एकमेकांना लहानपणापासून ओळखतो. लहान गटांची फळी आखूड निघाली. त्यावर उपाय म्हणून पाच घरगुती प्रार्थनागट काढले, ते त्याच तीस जणांच्या घरी. नाताळापर्यंत दोन उरले. पद्धत वाईट नव्हती, पण ज्यांना दुखत होते त्यांना कुणी विचारलेच नाही. पुण्याला गेलेल्यांना, मागच्या बाकावरच्यांना, संध्याकाळी दुसरीकडे जाणाऱ्या सुनांना एकही फॉर्म गेला नाही.

त्यामुळे या वेळी काहींचा आग्रह आहे की प्रश्नावलीच्या आधी वही घ्या. जुन्या माणसांना त्यात नावे कापली जाण्याची भीती दिसते, आणि ती अनाठायी नाही, कारण मागे अशा ‘शुद्धीकरणा’ची वेळ नेमकी निवडणुकीच्या तोंडावर यायची. म्हणून एक सूचना पुढे आली: एकही नाव काढायचे नाही, फक्त तीन रकाने आखायचे. इथे राहतात आणि येतात. बाहेरगावी आहेत पण माती इथली. येतात पण नोंद नाही. तिसऱ्या रकान्यात नाव घालायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि तो रकाना पाळकसाहेबांकडे बंद राहायचा. प्रश्नावली तिन्ही रकान्यांतल्या माणसांना द्यायची. पुणेकरांना ती २५ डिसेंबरला उपासनेनंतर हातात द्यायची, कारण त्या दिवशी ते सगळे इथे असतात.

दुसऱ्या रकान्यातल्यांना मत द्यायचे का, यावर कमिटीत दोन तट आहेत. दफनभूमीचा हक्क कायम ठेवायचा, यावर मात्र पहिल्याच बैठकीत एकमत झाले. वही सध्या नवीन पुठ्ठा घालायला दिली आहे.