श्रीनिवास रामानुजन : बालपण आणि शिक्षण

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, इरोडचा, पण ते आजोळ. वाढले ते कुंभकोणमला, सारंगपाणीच्या देवळाजवळच्या घरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून, आई कोमलतम्माळ देवळात भजनं म्हणायच्या, त्याचे थोडे पैसे घरात यायचे. दोन वर्षांचे असताना देवी आल्या, त्यातून वाचले. सुरुवातीची शाळा कुंभकोणम, कांचीपुरम, मद्रास अशी बदलत राहिली. १८९७ च्या प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिले आले आणि १८९८ पासून कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये.

शाळेत ढ होते आणि पुढे एकदम चमकले असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. या शाळेला त्यांची किंमत कळली होती. बाराशेच्या आसपास मुलं आणि पस्तीसेक मास्तर यांचं टाइमटेबल बसवायचं काम गणिताच्या सरांनी चक्क या विद्यार्थ्याकडे दिलं होतं, आणि १९०४ मध्ये गणिताचं बक्षीस देताना हेडमास्तर कृष्णस्वामी अय्यर म्हणाले की याला पैकीच्या पैकी मार्क दिले तरी कमीच पडतील.

आता ते कोणत्या पुस्तकांतून घडले हा प्रश्न, आणि खरा वाद इथेच आहे. साधारण बारा-तेराव्या वर्षी त्यांनी कॉलेजच्या एका मुलाकडून लोनी यांच्या त्रिकोणमितीच्या पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग आणला आणि त्यातली गणितं सोडवून टाकली. दुसरी आठवण अशी की साइन-कोसाइनचा घातांकी फलनाशी (e च्या घातांशी) असलेला संबंध त्यांनी स्वतः शोधला, मग तो ऑयलर या जुन्या गणितज्ञाने आधीच काढलाय हे कळल्यावर कागद घराच्या आढ्यात लपवून ठेवले. पण तो संबंध लोनीच्या त्याच भागात येतो, त्यामुळे आधी लोनी आणि मग शोध, या सांगण्यातल्या क्रमाने दोन्ही आठवणी घडल्या असं मानणं अवघड जातं. शोध आधी आणि लोनी नंतर, असं धरलं तर जास्त जुळतं.

मग साधारण १९०३ मध्ये हाती आलं जी. एस. कार यांचं ‘सिनॉप्सिस’ हे गणितातल्या निकालांचं संकलन. कार हे लंडनमधले खाजगी शिकवण्या घेणारे, पुस्तक केंब्रिजच्या परीक्षेसाठी केलेलं, १८८० च्या दशकात पूर्ण झालेलं. त्यातल्या निकालांचे क्रमांक ६१६५ पर्यंत जातात. पान उघडलं की नंबर, सूत्र, आणि सिद्धतेच्या जागी बऱ्याचदा फक्त मागच्या एखाद्या नंबरचा हवाला, बाकी सगळं वाचणाऱ्याने भरायचं. रामानुजन ते पाटीवर भरायचे, कागद परवडत नव्हता, कोपराने पाटी पुसायची आणि शेवटचं सूत्र तेवढं वहीत उतरवायचं. पुढे त्यांना इंग्लंडला बोलावणारे केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांच्या मते वह्यांची ही धाटणी कारमधूनच आली, आणि ते पटतं. पण सगळं श्रेय कारला देता येत नाही, कारण संमिश्र चलांच्या (उणे एकच्या वर्गमूळासह येणाऱ्या संख्यांच्या) फलनांचा सिद्धांत त्यात नाहीच आणि वह्यांमधलं लंबवर्तुळी फलनांचं (प्रगत गणितातल्या एका प्रकारच्या फलनांचं) काम त्या पुस्तकाच्या कितीतरी पुढे गेलेलं आहे. त्यासाठी ग्रीनहिल यांचं लंबवर्तुळी फलनांवरचं पुस्तक त्यांच्या पाहण्यात आलं असावं असा एक तर्क आहे.

पुढचं कॉलेज थोडक्यात. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली, इंग्रजीत नापास झाल्याने गेली. १९०५ मध्ये घर सोडून विशाखापट्टणमच्या बाजूला निघून गेले. १९०६ ला मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात नाव घातलं, आजारी पडले, आणि १९०७ ची एफए (बीएच्या आधीची कॉलेजची परीक्षा) सुद्धा गेली, शरीरशास्त्रासारख्या विषयांत ते पार मागे होते. एक विषय इतका येणाऱ्या मुलाला बाकीच्या विषयांसाठी थांबवून ठेवणारी ही पद्धत होती, याचं वाईट वाटतं.

त्यानंतरची पाचेक वर्षं डिग्रीशिवाय, वह्या घेऊन. १९११ मध्ये बर्नुली संख्यांवरचा पहिला पेपर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला (या सोसायटीची लायब्ररी तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होती), १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी, जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना पत्र. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली, तीही एफए पास नसताना. १७ मार्च १९१४ ला जहाजाने इंग्लंडला निघाले आणि मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनावर बीए दिली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालेली त्यांची पहिली पदवी.