फ्रँचायझीवाल्याच्या ट्रेनिंगची जुनी गोष्ट

ठाण्यात घोडबंदर रोडने मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत रिक्षातून जाताना नुसत्या पाट्या वाचा, सलोन, प्लेग्रुप, रक्ताचं कलेक्शन सेंटर, कुरियर, अबॅकस, यातलं किती तरी फ्रँचायझीवर चालतं, म्हणजे नाव आणि पद्धत कंपनीची, दुकान आणि पैसा आपला. माझ्या वहिनीचं सलोन त्यातलंच. तिने घेतलं तेव्हा वाशीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवस ट्रेनिंग झालं आणि हातात जाडजूड फाईल मिळाली. त्या फाईलमध्ये पाटीवरचा जांभळा रंग नेमका कुठला यावर चार पानं, आणि स्टाफवर अर्धं. दिवाळीला आठवडा राहिला असताना दोन मुली एकदम समोरच्या पार्लरला गेल्या, तेव्हा ते अर्धं पान काय चाटायचंय?

हे असं का, ते बघायला बरंच मागे जावं लागतं आणि गंमत म्हणजे गोष्ट सलोनपासूनच सुरू होते. मार्था मटिल्डा हार्पर नावाची कॅनडात जन्मलेली बाई, लहानपणापासून लोकांच्या घरी कामाला. साठवलेल्या पैशातून तिने १८८८ ला अमेरिकेत रॉचेस्टरला सलोन काढलं, १८९१ पासून तेच दुसऱ्या शहरांत द्यायला लागली, आणि दिलं कुणाला, तर आपल्यासारख्याच घरकाम करणाऱ्या बायकांना. त्यांच्याकडे ना पैसा ना धंद्याचा अनुभव, त्यामुळे शिकवण्यावाचून इलाजच नव्हता. तिने ट्रेनिंगच्या शाळा काढल्या, दुकानं तपासायला माणसं पाठवली, जुन्या मालकिणींना परत बोलावून उजळणी घेतली, आणि धंदा भरात होता तेव्हा पाचशेच्या आसपास सलोन झाली. शिलाई मशीनवाल्या सिंगरने त्याआधीच, १८५० च्या दशकात, एजंट नेमले होते हो, पण तिथे माल तयार होऊन यायचा. केस कापण्याचा माल खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर, त्याच्यासमोरच तयार होतो, बिघडला तर परत पाठवायचा कुठे.

मग मॅकडोनाल्ड्स. रे क्रॉकने १९५५ पासून शाखा द्यायला सुरुवात केली तेव्हा प्रवेश फी ९५० डॉलर होती आणि विक्रीवर १.९ टक्के. आता हिशोब बघा, एकदाच मिळणाऱ्या ९५० मध्ये कंपनीचं काय भागणार, शाखेची विक्री वाढली तरच यांचं पोट भरणार (पुढे जागेचं भाडंही विक्रीला जोडलं). १९६१ ला इलिनॉयमध्ये एका रेस्टॉरंटच्या तळघरात त्यांनी हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी काढली, नावाला हसू येतं पण सगळं नेमकं लिहून ठेवायचं आणि मालकाला वर्गात बसवून शिकवायचं, हे तिथे पक्कं झालं. माझ्या मते ट्रेनिंगचं सगळं गणित इथेच आहे. कंपनी एन्ट्री फीवर जगत असेल तर तीन दिवस, रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीतल्या टक्क्यावर, जगत असेल तर ती तुमच्या मागे लागून शिकवते.

आपल्याकडे सेवेतली फ्रँचायझी घराघरात पोचली ती कॉम्प्युटर क्लासमुळे. एनआयआयटी १९८१ ची, ॲप्टेक १९८६ ची. इथे मास्तर तयार करायची पद्धत चांगली बसली, सिलॅबस ठरलेला, परीक्षा ठरलेली. क्लासचा मालक मात्र बहुतेकदा गुंतवणूकदार. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आली, लाखभर माणसं बाहेर पडली, हातात एकरकमी पैसा, वय पन्नाशीच्या आसपास, आणि ठाण्यात नौपाड्यापासून कळव्यापर्यंत बँकवाल्यांची वस्ती काय कमी. माझ्या मामाने त्याच पैशातून क्लासची फ्रँचायझी घेतली. कंपनीने त्याला एक्सेल शिकवलं, जे त्याला आधीच येत होतं. मे महिन्यात अख्खी सोसायटी गावाला जाते, मग भाडं कशातून भरायचं, हे कुणी सांगितलं नाही. युरोकिड्स २००१, किडझी २००३, पुढची लाट प्लेग्रुपची, तिचं सांगत बसत नाही.

रक्ततपासणीवाल्या थायरोकेअरची गोष्ट वेगळी आणि ती इथलीच, नवी मुंबईतल्या तुर्भ्याची. बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडलेल्या ए. वेलुमणींनी नव्वदच्या दशकात सुरू केलेली कंपनी. अवघड काम, म्हणजे तपासणी, स्वतःच्या मोठ्या लॅबकडे ठेवायची आणि फ्रँचायझीवाल्याने सॅम्पल घेऊन, बारकोड लावून पाठवायचं. शिकवायचं कमी म्हणून पसरणं सोपं. फेशियल मात्र तुर्भ्याला पाठवता येत नाही ना!

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९७९ पासून केंद्राचा नियम आहे, सही घेण्याआधी कंपनीने माहिती लेखी द्यायची, त्यात ट्रेनिंगचंही येतं. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच भागवायचं. सर्व्हिस टॅक्स लावायला २००३ मध्ये सरकारला फ्रँचायझी बरोबर आठवली, ट्रेनिंगचं काय ते ॲग्रीमेंटमध्ये असेल तेवढंच. वहिनीच्या ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ आहे, 'आवश्यक ते प्रशिक्षण देण्यात येईल'. आवश्यक कुणाला?

दोन वर्षांपूर्वी तिच्या कंपनीने फी कमी करून रॉयल्टी वाढवली आणि काय आश्चर्य, दर महिन्याला एक माणूस यायला लागला, हिशोब बघायला, मुलींचे पगार आणि इन्सेंटिव्ह कसे बसवायचे ते सांगायला. तिचं दुसरं सेंटर त्यानंतरच निघालं. आता वाशीच्या त्याच हॉलमध्ये तिला नव्या मालकांशी बोलायला बोलावतात. ती फाईल नेत नाही, स्वतःची दोनशे पानी वही नेते. पहिल्या पानावर प्लंबरचा नंबर आहे.