किलोमागे सहा मिली, पण कोणत्या किलोमागे?

एआरडीएसच्या (फुप्फुसांत पाणी भरून श्वास अचानक निकामी होण्याचा गंभीर आजार) पेशंटला टायडल व्हॉल्यूम, म्हणजे व्हेंटिलेटरने दर श्वासाला द्यायची हवा, किती ठेवायचा, हे विचारलं तर कुठलाही रेसिडेंट डॉक्टर झोपेतसुद्धा 'किलोमागे ६ मिली' सांगेल. आकडा पाठच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ होतो तो 'किलो' या शब्दात. केसपेपरवरचं वजन उचलायचं, सहाने गुणायचं आणि व्हेंटिलेटर सेट करायचा, हे आजही सर्रास चालतं. ते चूक आहे. इथले किलो 'प्रेडिक्टेड' वजनाचे, म्हणजे उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाचे असतात.

काट्यावरच्या वजनात हाडं, स्नायू, चरबी आणि चार दिवसांच्या सलाइनने चढलेली सूज असं सगळं येतं. प्रेडिक्टेड वजन काट्यावर कधीच दिसत नाही. ते फक्त उंची आणि लिंग यांवरून काढतात, कारण फुप्फुसं केवढी असणार हे मुख्यतः त्यावरच ठरतं. पन्नास किलोचा माणूस शंभर किलोचा झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. एआरडीएसमध्ये तर त्यांचा बराच भाग पाणी भरून मिटलेला असतो. हवा जाते ती उरलेल्या थोड्या जागेत, आणि जादा हवा नेमकी तीच धड जागा ताणून फाडते.

सूत्र असं: उंचीच्या सेंटीमीटरमधून १५२.४ वजा करा, उरेल त्याला ०.९१ ने गुणा, पुरुषासाठी ५० मिळवा, बाईसाठी ४५.५. (१५२.४ म्हणजे पाच फूट. या सूत्राचं मूळ रूप औषधांच्या डोससाठी होतं.)

आता १५० सेंटीमीटर उंचीची, ७२ किलोची बाई घ्या. तिचं प्रेडिक्टेड वजन ४३.३ किलो, म्हणजे ६ मिलीने २६० मिली. काट्यावरचं वजन धरलं तर ४३२ मिली. चार्टवर '६ मिली' लिहिलेलं असतं आणि तिच्या फुप्फुसांत दर श्वासाला प्रेडिक्टेड किलोमागे १० मिली जात असते.

हा सहाचा आकडा ज्या संशोधनातून आला, ते अमेरिकेच्या एआरडीएस नेटवर्कचं. २००० साली ते प्रसिद्ध झालं. ८६१ पेशंट, एका गटाला किलोमागे १२ मिली, दुसऱ्याला ६. मृत्यू ३९.८ टक्के आणि ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. दोन्ही गटांतले किलो प्रेडिक्टेड होते. म्हणजे वरच्या बाईला आपण सहाच्या गटात धरतो, पण ती बाराच्या गटाजवळ गेलेली असते. ज्या अभ्यासाचा दाखला देतो, त्यातला हरलेला उपचार आपण तिला देत असतो.

'उंचीतून शंभर वजा' हा शॉर्टकट तर कृपा करून सोडा. तो बाई आणि पुरुष यांत फरकच करत नाही. याच बाईचं वजन तो ५० किलो दाखवतो आणि ४० मिली फुकट वाढतात. उंची नजरेने ठरवणं तितकंच वाईट: झोपलेला माणूस उंच वाटतो. १५० च्या जागी १६० धरले की किलोमागे ६ चे ७.३ मिली झाले.

टेप वापरा. पलंग सपाट, उशी काढलेली, गुडघे सरळ, पायाचे तळवे काटकोनात; एकाने डोक्याशी टेप धरायची, दुसऱ्याने टाचेशी वाचायची. दोन मिनिटांचं काम आहे. पाय आखडलेले असतील तर गळ्याखालच्या खोबणीपासून, हात बाजूला सरळ पसरून, मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत मोजा आणि सूत्राने उंची काढा. पाय कापलेला असेल तर कापण्यापूर्वीची उंची धरायची.

चूक उलटीही होते. १७० सेंटीमीटरचा, खंगून ३८ किलोवर आलेला पुरुष: प्रेडिक्टेड ६६ किलो, टायडल व्हॉल्यूम ३९६ मिली. काट्याने २२८ मिली येतात आणि कार्बन डायऑक्साइड चढत जातो.

बरोबर वजन धरूनही प्लॅटो प्रेशर, म्हणजे हवा आत थांबलेली असतानाचा फुप्फुसांतला दाब, बघायचंच. अर्ध्या सेकंदाचा इन्स्पिरेटरी होल्ड द्या (श्वास आत गेल्यावर रोखून धरा), पेशंट स्वतः जोर लावत नसताना. ३० सेंटीमीटर पाण्याच्या वर असेल तर किलोमागे १ मिली कमी करा, गरज पडल्यास ४ पर्यंत. दर वेळी रेट (मिनिटाला किती श्वास) वाढवून मिनिट व्हेंटिलेशन, म्हणजे मिनिटाला जाणारी एकूण हवा, सांभाळायचं. त्या अभ्यासात मिनिटाला ३५ श्वासांपर्यंत मुभा होती.

काट्यावरचं वजन टाकून द्यायचं नाही. एनॉक्सापॅरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) उपचाराचा डोस, किलोला १ मिलिग्रॅम, त्यावरच निघतो. म्हणून चार्टवर दोन वेगळ्या ओळी हव्यात: 'काट्यावरचं वजन' रोज बदलणारी, आणि 'उंची व प्रेडिक्टेड वजन' दाखल करतानाच लिहून पुढे न बदलणारी. नुसतं 'वजन' असं छापलेला रकाना असेल तर तो खोडून दोन ओळी हाताने आखा.