मोडेमद्वारे ध्वनियंत्रणेचे दूरनियंत्रण : दोषशोधन

नाट्यगृहातील किंवा सभागृहातील अ‍ॅम्प्लिफायर, इक्वलायझर, डिजिटल ध्वनिप्रक्रियक यांच्या पातळ्या व साठवलेल्या मांडण्या टेलिफोन लाइनवरून बदलता याव्यात म्हणून दोन्ही टोकांना मोडेम (संगणकीय संकेत टेलिफोन लाइनवरून जाण्याजोग्या स्वरूपात बदलणारे व परत उलगडणारे उपकरण) जोडतात. ही जोडणी लागत नाही, किंवा लागूनही आज्ञा पोहोचत नाहीत, तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याच्या पद्धतीचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या मार्गाने ध्वनी जात नाही, केवळ आज्ञा जातात. त्यामुळे संपर्क तुटला तरी सुरू असलेला कार्यक्रम सहसा थांबत नाही. फोर्टमधील कार्यालयात बसून बोरिवलीच्या सभागृहातील इक्वलायझर जुळवता आला, तर लोकलचा तासाभराचा प्रवास वाचतो, हे या सोयीचे मुंबईपुरते आकर्षण.

जोडणी फसली की पहिला संशय टेलिफोन लाइनवर घेतला जातो, पण दोष बहुधा यंत्र आणि त्याचा मोडेम यांना जोडणाऱ्या हातभर केबलमध्ये किंवा मोडेमच्या मांडणीत निघतो. म्हणून मोडेम बाजूला ठेवून संगणक व यंत्र नल-मोडेम केबलने (पाठवण्याच्या व घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेल्या केबलने) थेट जोडून पाहावे. तेही जमले नाही, तर संगणकाच्या नऊ पिनी पोर्टमधील पिन २ व ३ पेपरक्लिपने जोडून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (टंकलेले पोर्टमधून पाठवणाऱ्या व पोर्टमधून आलेले दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक अक्षर टंकावे. ते पडद्यावर परत उमटले तर संगणकाचे पोर्ट ठीक आहे आणि शोध पुढे सरकवता येतो.

यंत्राकडील मोडेमजवळ कोणी बसलेले नसते, हीच मुख्य अडचण आहे. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या ‘एटी’ आज्ञांपैकी (‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, मोडेमलाच द्यायच्या आज्ञांपैकी) ‘एस०=१’ दिल्यावर मोडेम पहिल्या घंटेला आपणहून फोन उचलतो. परंतु केबलमध्ये फक्त २, ३ व ५ या पिनींच्या तारा असतील, तर टोकाचे उपकरण तयार असल्याचा डीटीआर संकेत मोडेमला मिळत नाही आणि घंटा वाजत राहते; त्यावर ‘&डी०’ (हा संकेत विचारात घेऊ नको, अशी आज्ञा) हा उपाय आहे. मोडेम ‘रिंग’, ‘कनेक्ट’ असे शब्दही यंत्राकडे पाठवतो व यंत्र त्यांना चुकीच्या आज्ञा समजून उलट उत्तर देते, म्हणून ‘ई०’ व ‘क्यू१’ देऊन त्याला गप्प करावे लागते. शेवटी ‘&डब्ल्यू’ने मांडणी साठवली नाही, तर प्रयोग संपल्यावर मेन स्विच बंद होताच सारे पुसले जाते, आणि सकाळी ‘काल तर चालत होते’ हे वाक्य हमखास ऐकू येते.

संगणक व मोडेम यांच्यातील वेग आणि मोडेम-मोडेममधील वेग भिन्न असू शकतात; पण यंत्राचा वेग ठरलेला असल्याने त्याच्याकडील मोडेमचे पोर्ट त्याच वेगावर बांधून ठेवावे लागते. दोन साध्या लाइनींवर कमाल वेग सेकंदाला ३३,६०० बिट इतकाच मिळतो, ५६,००० नव्हे. नियंत्रणाला २,४०० देखील बऱ्याचदा पुरतात. मात्र पातळीदर्शक मीटर सतत मागवणारे सॉफ्टवेअर ही वाट तुंबवते, म्हणून मीटर बंद ठेवून उत्तराची प्रतीक्षामुदत वाढवावी.

यानंतरच लाइनकडे वळावे. साधा फोन लावून एक आकडा फिरवावा व डायल टोन थांबल्यावर कान द्यावा. मुंबईत पावसाळ्यात तांब्याच्या केबलींच्या जोडांत पाणी शिरले की तेथे खरखर ऐकू येते. अशा वेळी वेग उतरवून बांधल्यास जोडणी टिकते. कार्यालयाच्या ईपीएबीएक्समधून (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमधून) बाहेर पडण्यासाठी शून्यानंतर स्वल्पविराम द्यावा, म्हणजे सुमारे दोन सेकंद थांबून पुढचे आकडे फिरतात. डिजिटल एक्स्टेन्शनला मात्र साधा मोडेम लावू नये. तो जळू शकतो. समांतर फोन कोणी उचलला तरी संपर्क तुटतो, तेव्हा बुकिंग खिडकीवरचा फोन त्याच लाइनवर नाही ना, हे विचारून घ्यावे.

सिमकार्डाच्या मोडेममध्ये घंटेचा प्रश्न उरत नाही. तेथे मोबाइल कंपनी बहुधा अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते, त्यामुळे बाहेरून यंत्राला हाक मारता येत नाही आणि यंत्रानेच व्हीपीएनद्वारे (इंटरनेटवरील खाजगी, सुरक्षित जोडणीद्वारे) बाहेर संपर्क साधावा लागतो.