दिव्यांगत्वाचे टक्के कमी दिले किंवा अर्ज फेटाळला, तर अपील कुठे आणि कसं करायचं

तहसील कचेरीत संगायो (संजय गांधी निराधार अनुदान योजना) शाखेच्या टेबलापुढे जी वादावादी चालते, तिच्यातली बरीचशी चुकीच्या दारात चाललेली असते. माणूस सांगत असतो, ‘साहेब, अर्धं अंग गेलंय, काम होत नाही, तरी 36 टक्केच दिले.’ समोरचा अव्वल कारकून म्हणतो, ‘आम्ही काय करणार?’ दोघंही खरं बोलत असतात. टक्के सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाने दिलेत. ते तहसीलदारांना बदलता येत नाहीत.

म्हणून अपिलाचा कागद लिहायच्या आधी बघा, आपल्याला नकार नेमका कोणी दिलाय. दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावरची टक्केवारी वैद्यकीय प्राधिकरण ठरवतं. संजय गांधी निराधार अनुदान द्यायचं की नाही, हे तालुक्याची समिती आणि तहसीलदार ठरवतात. आधीच मंजूर असलेलं अनुदान अचानक थांबलं असेल, तर ते बहुतेक वेळा अपिलाचं प्रकरणच नसतं. हयातीचा दाखला दिलेला नसतो, नाहीतर बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं. पैसे आता डीबीटीने थेट खात्यात येतात, त्यामुळे आधी बँकेत चौकशी करा.

40 टक्क्यांवर एवढं का अडतं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे दीर्घ आजार त्यात नावानिशी आहेत. कॅन्सर, हृदयविकार, किडनी निकामी होणं हे त्या यादीत नाहीत. डायलिसिसवर असलेल्या माणसाला ‘तुम्ही दिव्यांग नाही’ असं ऐकावं लागतं ते यामुळेच, आणि माझ्या मते कायद्यातली ही मोठी उणीव आहे. मात्र आजाराने हातपाय, नजर, बोलणं किंवा मेंदू यांच्यावर परिणाम झाला असेल, तर त्या परिणामाची तपासणी मागता येते.

बहुतेक योजनांना किमान 40 टक्के लागतात. संजय गांधी योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये मिळतात, इतर लाभार्थ्यांना 1,500. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी 50,000 रुपये आहे, बाकीच्यांसाठी 21,000. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये! एवढ्या उत्पन्नाचा खरा दाखला आज कुणाचा निघतो, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू.

टक्केवारीविरुद्ध अपील

दाखला नाकारला असेल तर त्याची कारणं लेखी कळवणं प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ‘बसत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवलं, तर तिथेच लेखी पत्र मागा. अपील निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत करायचं असतं. दिव्यांगत्वाचं कार्ड घरी पोचल्याची तारीख धरू नका. ते राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जातं. आपल्या जिल्ह्यासाठी तो कोण, हे जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या.

नियमाप्रमाणे अपिलात दोनच गोष्टी लागतात: थोडक्यात पार्श्वभूमी आणि अपिलाची कारणं, शिवाय दाखल्याची किंवा नकाराच्या पत्राची प्रत. अर्जदार अल्पवयीन असेल किंवा स्वतः अपील करण्याच्या स्थितीत नसेल, तर पालक किंवा संस्था त्याच्या वतीने अपील करू शकते. प्राधिकाऱ्याने म्हणणं मांडायची संधी द्यायची, कारणांसह आदेश काढायचा आणि हे सगळं 60 दिवसांत उरकायचं, असं नियम सांगतो.

‘कारणं’ या भागातच बहुतेक अपिलं लंगडी पडतात. लोक गरिबीबद्दल लिहितात, घरात कमावतं कोणी नाही, मुलीचं लग्न राहिलंय. सगळं खरं असतं, पण टक्केवारीच्या सूत्रात त्याला जागा नाही. बोर्ड केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोजमाप करतं. त्यांची सुधारित आवृत्ती मार्च 2024 मध्ये आली. त्या मोजमापात काय सुटलं, हे अपिलात दाखवायचं असतं.

एक उदाहरण घ्या. लकव्यानंतर उजवा हात-पाय कमजोर झाला, त्याचे 36 टक्के लागले. बोलणंही अडखळतं, पण ते कुणी तपासलंच नाही. वाचा-तपासणीत 20 टक्के निघाले तर बेरीज 56 होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवून, 90 मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं आणि 90 ने भागायचं: 36 + (20 × 54 ÷ 90) = 48. म्हणजे 40 च्या वर. अशा वेळी अपिलात एवढंच लिहा: ‘दि. … च्या तपासणीत फक्त चलनविषयक (हातापायांच्या हालचालीचे) दिव्यांगत्व मोजले गेले. मला लकव्यानंतर वाचादोषही आहे, त्याची तपासणी झालेली नाही. सोबत स्पीच थेरपिस्टचा अहवाल जोडला आहे. दोन्हींचे एकत्रित मूल्यमापन व्हावे, ही विनंती.’

सोबत काय जोडायचं? डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा इतर तपासण्यांचे अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी, आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र. पत्रात नुसतं आजाराचं नाव नको. ‘आधाराशिवाय उभं राहता येत नाही, उजव्या हाताने बटण लावता येत नाही’ असं, म्हणजे शरीराला काय जमत नाही ते असावं. हॉस्पिटल कागद देत नसेल तर लेखी मागणी करा. वैद्यकीय व्यवसायाच्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. बोर्डाने भरलेला तपासणी तक्ता हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात टाका.

अर्ज बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर, द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अनुदानाचा अर्जच नामंजूर झाला तर

40 टक्के भरत नाहीत म्हणून संजय गांधी योजनेचा विषय संपत नाही, हे कचेरीत क्वचितच कोणी आपणहून सांगतं. 18 ते 65 वयाचे, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहणारे, आणि क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष या योजनेत वेगळे बसतात. डायलिसिसवाल्यांनीही हा ‘यांसारख्या’ शब्द नीट वाचावा. मागितला जातो तो जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा आजाराचा दाखला. बाकी वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, आधार, रेशनकार्ड, पासबुकची झेरॉक्स.

नामंजुरीचं कारण लेखी घ्या. कागदाची त्रुटी असेल तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा त्रुटी पुरी करून नवा अर्ज देणं सोपं. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखलाच अडला असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. पात्र असूनही समितीने डावललं असेल, तर समितीच्या बैठकीतल्या निर्णयाची प्रत मागून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी दाद मागा. टक्केवारीचं अपील चालू असतानाही दुर्धर आजाराच्या आधारावर अर्ज करून ठेवा. पुढे 40 च्या वरचा दाखला हाती आला की तो शाखेत स्वतः नेऊन द्या.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं असेल, तर दाखल्याचं महत्त्व आणखी वाढतं. 2016 च्या कायद्याच्या कलम 20 नुसार अशा कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. जमेल असं दुसरं काम, त्याच वेतनश्रेणीत, द्यावं लागतं. कुणी ‘राजीनामा लिहून द्या’ म्हणालं तर सही करू नका.

अपिलाची सुनावणी लागतच नसेल, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. अपीलही फेटाळलं गेलं तर वाट उच्च न्यायालयाची. त्यासाठी उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील देते, हेल्पलाइन 15100.